काळी विरुद्ध हिरवी

आमच्या वकीलसाहेबांच्या घरी आमटी आळणी झाली तर तिच्यावर खटला चाले. हसू नका, आमटीचा वकील मीच असायचो. पहिला भुरका घेऊन साहेब भुवई वर करायचे, माझ्याकडे पाहायचे आणि विचारायचे, "दुसरी बाजू काय म्हणते?" मग मला हातातला घास ताटात ठेवून बोलणं भाग पडे. मीठ जपून घातलेलं आहे, वरून वाढायची सोय आहे, जास्त पडलेलं मीठ मात्र काढता येत नाही, असं मी सांगायचो. साहेब डोळे मिटून ऐकायचे. तोवर आमटी गार व्हायची आणि काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायच्या, "झालं असन तुमचं कोर्ट, तं भात वाढू काय?"

साहेबांचं नाव सांगत नाही. त्यांचे नातू अजून वकिली करतात, आणि आजोबांचे गुण त्यांच्यात उतरले असतील तर मला नोटीस यायची.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. अपिलं नागपूरला जायची आणि आम्ही वकील मंडळी नागपूरचं नाव काढलं की उगाच सदरा नीट करायचो. मी धाडकडचा, नुकती सनद घेतलेला. बुलढाण्यात साहेबांच्या बंगलीमागच्या खोलीत राहायचो, त्यांच्या हाताखाली काम करायचो आणि काकूंच्या हातचं जेवायचो. पाच वर्षं राहिलो. त्या पाच वर्षांत मला कायदा किती आला ते देव जाणे, पण कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजूंनी भांडता यायला लागलं.

कारण साहेबांची रीतच तशी होती. उद्या केस असली की आज सकाळभर मी आमच्या अशिलाच्या बाजूनं बोलायचं. घाम फुटेपर्यंत बोलायचं. मग साहेब टाळी वाजवायचे आणि म्हणायचे, "आता बाजू बदला." की लगेच त्याच तोंडानं मी समोरच्याच्या बाजूनं भांडायचं, आणि तेही पहिल्यापेक्षा चांगलं. आधीचंच बरं वाटलं तर साहेब चिडायचे. "बापू, ज्याले दुसऱ्याची बाजू मांडता येत नाही त्याले आपली समजलीच नाही म्हना!"

या रीतीपायी एकदा त्यांनी कमाल केली. देऊळघाटच्या दोन भावांचा विहिरीचा दावा होता. आम्ही धाकट्याकडून. थोरल्याचा वकील उभा राहिला, बोलला, आणि त्याचा सगळ्यात जोरदार मुद्दाच विसरून खाली बसला. साहेब चुळबुळायला लागले. मी त्यांच्या कोटाचं टोक धरून ठेवलं होतं, तरी उठलेच. "हुजूर, वादीच्या वकिलाकडून एक मुद्दा राहून गेला आहे," असं म्हणून त्यांनी तो मुद्दा असा काही मांडला की मुन्सफांनी टाकच खाली ठेवला. दावा आम्ही हरलो. धाकटा भाऊ कोर्टाच्या पायरीवर ओरडला, "साहेब, तुमी हाय तरी कोनाचे?" थोरल्याला मात्र इतकी शरम वाटली की त्यानं आपणहून विहिरीची पाळी अर्धी अर्धी करून दिली. साहेब घरी आले ते खुशीत. काकूंना म्हणाले, "आज लय मस्त बोललो." कोणाच्या बाजूनं, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरातल्या खटल्यांत तेच न्यायाधीश असत. त्यासाठी अंगातला काळा कोट काढून खुंटीला लावायचा आणि झोपाळ्यावर बसायचं, असा नियम होता. कोट अंगात असेल तोवर ते तुमच्याशी हुज्जत घालणार, कोट खुंटीला गेला की हूं की चूं नाही. निकाल लेखी द्यायचे, कारणांसहित. घरी पाट किती करावे यावर तीन पानांचा निकाल मी स्वतः नकलून काढला आहे.

आता काकू. काकूंना त्या घरात वकील नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

मी यायच्या आधी दोनेक वर्षं त्या अमडापूरहून, म्हणजे आपल्या माहेराहून, परत येत होत्या. चिखलीच्या अलीकडे बैल बुजले, दमणी उलटली आणि काकूंचा डावा खुबा दुखावला. हाड सांधलं, पण पाय काही वीतभरापेक्षा वर उचलेना. सपाट जागी थोडा ओढत चालायच्या, घरातलं सगळं करायच्या, पण बैलगाडीत चढणं बंद झालं. चार जणांनी उचलून बसवायची तयारी दाखवली तर म्हणाल्या, "पोत्यावानी उचलून कोनी मले गाडीत टाकाचं नाही. जाईन तं आपल्या पायानं चढून जाईन." त्या दिवसापासून त्यांनी अमडापूर पाहिलं नव्हतं. तिथे त्यांची म्हातारी आई होती, माय. माय आधी वर्षातून एकदा बुलढाण्याला यायची, मग तिलाही गाडीचे हिसके सोसेनात.

साहेबांचा बायकोवर जीव होता, यात मला कधी शंका आली नाही. एक दिवस कोर्टातून आले ते दारातूनच ओरडत आले, "तुले अमडापूरले मोटारीनं नेतो!" आणि खरंच आठ दिवसांत दारातल्या चिंचेखाली मोटार उभी राहिली. एक नव्हे, दोन.

दोन्ही अमेरिकेच्या, दोन्ही जुन्या. एक होती विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनियरची. काळी, चारी बाजूंनी बंद, उंच, काचा लावलेली. दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज व्हायचा. अर्ध्या हँडलात चालू व्हायची आणि चालू झाल्याचं बाहेरच्याला कळायचं नाही. दुसरी खामगावकडच्या एका कापसाच्या जिनवाल्या अशिलाची. हिरवी, वर कापडी टप, भोंगा घसा बसल्यासारखा, आणि तापट इतकी की पाच मैलांत बंबासारखी वाफ सोडायची. पण हलकी, चढाला पळायची, आणि बिघडली तर वायरीच्या तुकड्यावर दुरुस्त व्हायची. किंमत दोघींची सारखीच सांगितलेली, त्यामुळे तो मुद्दा पहिल्याच दिवशी बाद झाला. दोन्ही मालकांनी सांगून ठेवलं होतं की ठेवा हवे तितके दिवस, चालवून पाहा.

हवे तितके दिवस! साहेबांना असं कोणी सांगू नये.

पहिल्या रविवारी खटला उभा राहिला. हिरवीचा वकील मी, काळीचे आमचे मुनशीजी. मुनशीजी देऊळघाटचे, साठीचे, चाळीस वर्षं वकिलांकडे कागद लिहून वकिलांपेक्षा हुशार झालेले. "काळी म्हंजे खानदानी चीज हाय, साहेब," त्यांनी सुरुवात केली. "बसनाऱ्याची इज्जत ठेवते. ही हिरवी तं बाजारात ओरडत फिरते." मी उठून सांगितलं की इज्जत चढावर ढकलावी लागते. देऊळघाटच्या रस्त्यावर दोघींना पळवलं, तिथे काळी दोनदा दमली आणि आम्ही सगळे उतरून ढकलत होतो, मुनशीजीही. ते रेकॉर्डवर घ्यावं, असं मी म्हटलं. साहेबांनी घेतलं.

तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मिस्त्रीला बोलावलं. हा लढाईत बसऱ्याकडे फौजेच्या गाड्या चालवून आलेला, गावात मोटारीतलं समजणारा एकमेव माणूस. त्याचा उलटतपास दोन रविवार चालला. साहेब कोट चढवून स्वतः उठले आणि विचारते झाले, "इंजिनाचा आवाज ऐकून दोष समजते म्हनता. कोनत्या कानानं ऐकता?" मिस्त्री म्हणाला, "दोन्हीनं." "दोन्ही कानाले सारखंच ऐकू येते, हे कोनं तपासलं?" मिस्त्रीनं पाना खाली टाकला आणि म्हणाला, "साहेब, मले बसऱ्यात तुर्कानं धरलं असतं तं एवढं इचारलं नसतं." तरी पुढच्या रविवारी आला. सगळेच यायचे. बाजाराला आलेली माणसं आमच्या कुंपणाशी भाजीच्या पाट्या टेकवून उभी राहायची. गावात काळीवाले आणि हिरवीवाले असे तट पडले. धाडहून माझे वडील आले ते माझी खुशाली न विचारता म्हणाले, "काऊन रे, कोनती घेऊन राह्यले?"

मजा चालली होती. मलाही मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू.

आणि त्याच दिवसांत काकूंना माहेरून पहिलं कार्ड आलं. काकूंना वाचता येत नव्हतं, त्यांची पत्रं मी वाचून दाखवायचो. कार्ड अमडापूरच्या शाळामास्तरनं लिहिलेलं, पण बोल मायचेच होते. "माही नजर उतरून राह्यली. दिसते तवर येऊन जाय बाई. मंग कोनीबी आलं तं मले सारखंच."

मी वाचून संपवलं. काकूंनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि डब्यात ठेवलं.

"साहेबांना सांगतो," मी म्हटलं.

"नोको. त्यायले वाटन मी घाई करून राह्यली. त्यायच्या कामात आपन काऊन बोलाव?"

मी सांगायला हवं होतं. आजही वाटतं. पण मी लहान, साहेब मोठे, आणि खरं सांगू, मी हिरवीच्या बाजूनं जिंकत आलो होतो. तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

दुसरं कार्ड आलं. त्यात होतं की आता सकाळी उन्हात बरं दिसतं, घरात दिसत नाही. काकू त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घालून बसल्या. साहेबांनी भुवई वर केली. मी म्हटलं, "दुसरी बाजू काही म्हणत नाही, साहेब." ते जरा चकित झाले, पण त्यांच्या डोक्यात मोटारी होत्या.

त्याच रविवारी त्यांनी टाळी वाजवली. "आता बाजू बदला."

झालं! मुनशीजी हिरवीचे, मी काळीचा. आणि मेहनत केली हो मी, सवयच ती. सुतळी घेऊन दोन्ही गाड्यांची जमिनीपासूनची उंची मोजली. हिरवी डाव्या अंगाला खाली बसलेली निघाली. चाकांवरचे कमानपाटे दबलेले! पायरी तर काळीपेक्षा चांगली वीतभर खाली आलेली. मी सुतळीला गाठी मारून कोर्टापुढे ठेवली आणि म्हटलं, "जी गाडी आजच स्वतःचं ओझं सोसत नाही, ती उद्या काकूंचं काय सोसणार?" कुंपणावरचे काळीवाले ओरडले. मुनशीजींनी मान खाली घातली. साहेबांनी झोपाळा थांबवला आणि निकाल राखून ठेवला. तो त्यांनी तीन आठवडे राखून ठेवला.

तिसरं कार्ड शनिवारी आलं. एकच ओळ होती. "आता तोंड वळखू येत नाही, उजेडात उलीसं दिसते." काकूंनी ते डब्यात ठेवलं नाही. कमरेला खोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल. कोट खुंटीला, साहेब झोपाळ्यावर, हातात अकरा कागद. अंगणात गर्दी. साहेब वाचत गेले. भोंग्याचा मुद्दा, चढाचा मुद्दा, मिस्त्रीच्या कानांचा मुद्दा, आणि दबलेल्या कमानपाट्यांवर तर दीड पान. शेवटी ते "सबब हुकूम की" इथवर आले आणि स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. हाताला पीठ. पदराला हात पुसत, पाय ओढत त्या सरळ काळीकडे गेल्या. दाराला धरून त्यांनी उजवा पाय पायरीवर ठेवला आणि डावा उचलला. पायरीला पाय पोचला नाही. पुन्हा उचलला. पुन्हा नाही. मिस्त्री हात द्यायला पुढे झाला, तर म्हणाल्या, "सरक बाजूले."

मग त्या हिरवीकडे गेल्या. डाव्या, दबलेल्या अंगानं. उजवा पाय पायरीवर ठेवला, टपाची दांडी धरली, डावा ओढून घेतला आणि मागच्या गादीवर जाऊन बसल्या. एवढंच. पाच महिने आम्ही भांडत होतो आणि त्याला पाच क्षण लागले.

"अवं," साहेब झोपाळ्यावरून उठत म्हणाले, "निकाल काळीच्या बाजूनं लागला हाय."

"लागू द्या. काळीत तुमी बसा. मी इथून उतरत नाही. उतरीन तं अमडापूरलेच."

"पन हे अजून विकत घेतली नाही आपन!"

मुनशीजी खोकले. "साहेब, बाईनं ताबा घेतला. आता काढाचा तं दावा लावा लागन."

गर्दी हसली. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, हातातल्या अकरा कागदांकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच ते कोट न घालता बाहेर निघाले. काकूंच्या शेजारी जाऊन बसले. मिस्त्रीनं हँडल मारलं, मी पुढे बसलो, आणि हिरवी ओरडत निघाली. मागून मुनशीजींनी धावत येऊन पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. चुलीवरची पोळी जळाली असणार.

येळगावजवळ पैनगंगेशी आलो तर हिरवीनं वाफ सोडली. मिस्त्री म्हणाला, झाकण उघडून पाणी टाकावं लागेल, पण हात भाजेल, कापड द्या. कापड कोणाकडे नव्हतं. साहेबांनी निकालाचे अकरा कागद घडी करून पुढे केले. त्या कागदांनी मिस्त्रीनं झाकण धरलं, आणि साहेब धोतर खोचून स्वतः तांब्या घेऊन नदीत उतरले. मी उठलो तर म्हणाले, "बस तू." तीन फेऱ्या मारल्या. साहेब पाणी भरताना मी पहिल्यांदा पाहिले.

गाडी पुन्हा निघाल्यावर काकूंनी कमरेचं कार्ड काढून माझ्याकडे दिलं. "वाच आता. मोठ्यानं." मी वाचलं. आधीच्या दोन कार्डांतलंही पाठ होतं, ते सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"हे माह्यापुढं काऊन नाही आलं?" त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "तुमी सगळ्यायले विचारलं. मिस्त्रीले विचारलं, मुनशीले विचारलं. मले विचारलं असतं तं सांगितलं असतं."

चिखलीला गाडी पुन्हा तापली, तेव्हा साहेब कोणी सांगायच्या आत तांब्या घेऊन उतरले. परत आल्यावर काकूंना म्हणाले, "चुकलं माहं." वकिली करणाऱ्या माणसाला हे दोन शब्द सलग म्हणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं नाही. काकूंनी मान हलवली आणि टपाच्या सावलीत जरा सरकून त्यांना जागा करून दिली.

अमडापूरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती, पण ऊन चांगलं होतं. गाडीमागे अर्धं गाव. घरापुढे छपरीत माय बसलेली, पुढ्यात सूप, हातानं चाचपत तुरीच्या शेंगा सोलत होती. साहेबांनी उतरून हात पुढे केला, मग आपणच मागे घेतला. काकूंनी दांडी धरली, पायरीवर पाय दिला, खाली उतरल्या आणि अंगण चालून गेल्या.

"कोन हाय?" माय म्हणाली.

"मी हाय, माय."

म्हातारीनं सूप बाजूला केलं. गळ्यात पडली नाही, रडली नाही. काकूंचा हात धरून तिनं त्यांना छपरीतून बाहेर ओढलं. "इकडं उजेडात ये." उन्हात उभं करून दोन्ही हातांत तोंड धरलं आणि या अंगाला, त्या अंगाला वळवत राहिली. साहेब तांब्या छातीशी धरून उभे होते. पाच महिने, एकेक रविवार, माझी सुतळी आणि तिच्या गाठी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. म्हातारीचे डोळे बारीक झाले, मोठे झाले, पुन्हा बारीक झाले.

"काय व," ती म्हणाली, "तुहे केस पिकले!"

काकू हसल्या. एवढ्या मोठ्यानं की छपरीतल्या कोंबड्या उडाल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, तर म्हातारीनं हात दाबून धरला.

"थांब. पाहू दे मले. कुंकू बी वाकडं लावलं तुनं."

तिनं अंगठ्यानं ते पुसून सरळ केलं. कुंकू खरंच वाकडं होतं. साहेब आणि मी सबंध वाट त्यांच्याकडे बघत आलो होतो, आम्हा दोघांनाही ते दिसलं नव्हतं.